वकील कुणाच्या पसंतीचा?

बीड जिल्ह्यात फौजदारी वकिलाचा शोध मामापासून सुरू होतो. बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाडीचा दांडा कुणाच्या डोक्यात बसला, जखमीला अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयात हलवलं आणि पोराला ठाण्यात बसवलं, की घरातून पहिला फोन मामाला जातो. मामा सरपंचाला विचारतो. सरपंच पंचायत समितीच्या एखाद्या माजी सदस्याला झोपेतून उठवतो. तो म्हणतो, आपलाच माणूस आहे, मी बोलून ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलिसानं मनगट धरलेलं असताना, पोरगा वकीलपत्रावर सही करतो. वकिलाचं तोंड तो तेव्हाच पहिल्यांदा पाहतो.

राज्यघटनेच्या कलम २२(१)नं अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४० तेच सांगतं. जुन्या संहितेत ते ३०३ होतं. कायद्यानं पसंती आरोपीला दिली. आपल्याकडे ती मामाची असते, पक्षाच्या तालुकाध्यक्षाची असते, ऊसतोडीच्या मुकादमाची असते, आणि कधीकधी ठाण्यातल्याच कुणीतरी हळूच कानात सांगितलेली असते. निदान या शेवटच्या शिफारशीपासून चार हात लांब राहावं. ज्याच्या तपासातल्या चुका वकिलाला उद्या कोर्टात दाखवायच्या आहेत, त्याच्याच उपकाराखाली तो वकील असला तर उलटतपासाची धार आधीच गेली.

दुसरी पसंती आडनावाची. २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली; अधिकारी असो की शिपाई, नुसतं पहिलं नाव. जिल्ह्याचं वातावरण त्या वेळी काय होतं, हे त्या एका आदेशावरून कळतं. पण वकिलांच्या बोर्डावर आडनाव असतंच आणि पक्षकार ते आधी वाचतो. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: आपल्या जातीचा वकील आपल्याला फसवणार नाही, फी सांभाळून घेईल, रात्री फोन उचलेल. यातलं थोडं खरंही निघतं. फक्त जामिनाचा अर्ज कसा लिहायचा आणि डॉक्टरांचा उलटतपास कसा घ्यायचा, हे आडनावातून येत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. केज, गेवराई, आष्टी, पाटोदा, जिथला गुन्हा तिथलं तालुक्याचं कोर्ट. तिथं ठरतं पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन. म्हणून निवड होते ती सगळ्यात घाईच्या, सगळ्यात घाबरलेल्या वेळी. आणि त्याच वेळी सगळ्यात जास्त काम असतं.

ते काम कोणतं, हे घरच्यांना माहीत असलं तर समोरचा वकील ते करतोय की नुसता धीर देतोय, हे ओळखता येतं. मुळात अटक झाली आहे का, की नोटीस देऊन सोडता येईल असा गुन्हा आहे? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी नोटिशीचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. जुनी ‘४१-अ’ची नोटीस आता कलम ३५(३)ची झाली, गावात अजून ‘एक्केचाळीसची’च म्हणतात. अटक झालीच असेल तर तिची कारणं लेखी दिली का? ‘मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या वरळीतल्या मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. अगदी ताबडतोब जमलं नाही तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची. तालुक्याच्या कोर्टात हा मुद्दा उभं राहून मांडणारा वकील आणि ‘कोठडीस हरकत’ एवढं बोलून बसणारा वकील, दोघांची फी कदाचित सारखीच असेल.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीच करायची असते, तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. बांधावरच्या मारामारीत मार दोघांनाही लागतो. मग दोन्हीकडून फिर्यादी होतात, त्याला आपण क्रॉस केस म्हणतो. आपल्या पोराच्या पाठीवर वळ असतील, हाताचं बोट मोडलं असेल, तर अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत ते लिहून घ्यायला लावलं पाहिजे आणि कोर्टापुढे उभं केल्यावर साहेबांना सांगितलं पाहिजे. आठ दिवसांनी वळ जातात. दोन-तीन वर्षांनी स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायची वेळ येते, तेव्हा कागदावर आरोपीच्या अंगावर ओरखडाही नसतो.

मोठ्या नावाचा मोह इथं येतो. बीडला जिल्हा व सत्र न्यायालय, अंबाजोगाई आणि माजलगावलाही अतिरिक्त सत्र न्यायालयं, आणि वर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, जे २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. त्याआधी मराठवाड्याच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, आणि १९५६ च्या आधी हैदराबाद. आता काही तासांत खंडपीठाच्या दारात उभं राहता येतं, त्यामुळे खालच्या कोर्टाचं काय व्हायचं ते होऊ द्या, वर बघून घेऊ, अशी एक सवय जिल्ह्यात रुजली आहे. ती महागात पडते. वरच्या कोर्टात साक्षीदार नव्यानं उभा राहत नाही. खाली मराठीत जे लिहून घेतलं, त्याचंच पेपरबुक वर जातं. खाली विचारायचा राहिलेला प्रश्न तिथं कितीही इंग्रजी झाडली तरी विचारता येत नाही.

मोठं नाव घेतलंच, तर कोर्टात प्रत्यक्ष उभं कोण राहणार हे विचारावं. बोर्डावर सिनिअर आणि तारखेला ज्युनिअर, ही पद्धत सगळीकडे आहे आणि ती वाईटच असते असंही नाही. पुष्कळदा फाईल ज्युनिअरनंच नीट वाचलेली असते. पण मुख्य साक्षीदाराचा, तपास अधिकाऱ्याचा आणि डॉक्टरांचा क्रॉस कोण घेणार, एवढं वकीलपत्रावर सही करण्याआधी ठरलं पाहिजे.

आवाजावर जाऊ नये, हे सांगायला मराठी माणसाकडे टिळकांइतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली, दिवसचे दिवस. समोर न्यायमूर्ती दावर होते, ज्यांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. ते भाषण इतिहासात अमर झालं आणि टिळक सहा वर्षं मंडालेला गेले. १९१६ मध्ये पुन्हा भाषणांवरून कारवाई झाली, तेव्हा उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना उभे होते. भाषणांचा एकूण अर्थ काय आणि तो कलमात बसतो का, एवढ्यावरच त्यांनी भर दिला आणि खालचा आदेश रद्द करून घेतला. टिळकांना १९०८ मध्ये इतिहासाशी बोलायचं होतं, ते त्यांनी केलं. बांधावरच्या मारामारीत सापडलेल्या पोराला इतिहासाशी काही बोलायचं नसतं. त्याला घरी जायचं असतं.

मग पारख कशी करायची? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बंदी आहे. म्हणून फेसबुकवर ‘हमखास जामीन’ दिसलं, की समजावं इथं पहिला नियम मोडलेला आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मात्र वकिलाच्या नावानं शोधता येतं: या कोर्टात त्याच्या किती केस चालू आहेत, कसल्या आहेत, त्यातले आदेश काय आहेत. घरातल्या कॉलेजच्या पोरीला हे अर्ध्या तासात जमतं. त्याहून सोपं म्हणजे तासभर कोर्टात मागच्या बाकावर बसावं. सुनावणी खुली असते, कुणी हाकलत नाही. कोण फाईल उघडून बोलतो, कोण पुकारा झाल्यावर पळत येतो आणि कोण नुसती तारीख मागतो, सगळं दिसतं. जमीन घेताना आपण चार वेळा सातबारा काढतो, मोजणी आणतो. वकिलाच्या बाबतीत तासभर बसायचंही आपल्या जिवावर येतं.

पहिल्या भेटीत वकील आपल्याला काय विचारतो, यावरही बरंच कळतं. जो लगेच ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतो त्याच्यापेक्षा जो विचारतो की भांडण झालं तेव्हा उजेड होता का, डीपी किती लांब, जखमीला दवाखान्यात कोणी नेलं, फिर्याद किती तासांनी दिली, पंच कुणाचे भावकीतले, त्याच्याकडे थोडं थांबावं. आणि त्यानं विचारलं तर खरं सांगावं. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्यानं गुप्त राहते. आपली माणसं मात्र वकिलाला मामाच्या देखत भलतंच सांगतात आणि ती गोष्ट उलटतपासात फिर्यादीकडून बाहेर येते.

३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, आमदारांची घरं पेटली. त्यानंतर शंभराहून अधिक जणांना अटक झाली, पुष्कळ विशीतली पोरं. अशा सामूहिक गुन्ह्यांत गाव वर्गणी काढतं आणि सगळ्यांसाठी मिळून एकच वकील देतं. पैशाच्या दृष्टीनं ते बरोबर असतं. पण एकाचा बचाव ‘मी तिथं नव्हतोच’ असा असतो, दुसऱ्याचा ‘होतो, पण दगड मारला नाही’, आणि तिसरा सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतो. पहिल्याला वाचवायला तिसऱ्याकडे बोट दाखवावं लागलं तर एकच वकील ते कसं करणार? प्रामाणिक वकील अशा वेळी स्वतःच सांगतो की याच्यासाठी दुसरा वकील बघा. तो कटकट करतोय असं गावाला वाटतं. ती कटकट ऐकावी.

सगळ्यात अवघड प्रश्न वकिलांच्या बाजूचा आहे, आणि मस्साजोगनंतर बीडमध्ये तो पानटपरीवरही निघाला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. मकोका लागला, विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. त्या खटल्याच्या गुणदोषांत इथं शिरायचं नाही. पण असल्या आरोपींचं वकीलपत्र घ्यायचंच कशाला, हा सवाल लोक उघड विचारत होते. त्याचं उत्तर कायद्यानं देऊन ठेवलं आहे: वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, आरोपीचा बचाव करणं हे बार कौन्सिलच्या नियमांनी त्याचं कर्तव्य आहे. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणीच घेऊ नये असे ठराव वकील संघ करतात, ते बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी खटल्यात सांगितलं.

मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यातल्या कसाबच्या वेळी हे राज्यानं पाहिलं. त्याच्यासाठी नेमलेल्या वकील अंजली वाघमारे यांच्या घरावर २००९ मध्ये जमाव चालून गेला होता. पुढे त्याला वकील मिळाले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी बाजू मांडली, आणि २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात फाशी कायम करतानाच न्यायालयानं एक गोष्ट सगळ्या देशासाठी बजावली: आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर, तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल, हे सांगणं न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, चुकवलं तर खात्यांतर्गत कारवाई. त्याच हल्ल्यातला आरोपी अबू जुंदाल मूळचा गेवराईचा, म्हणजे हे सगळं बीडपासून फार लांबचं नव्हतं. आज गेवराईच्या कोर्टात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या भुरट्या चोरालाही वकिलाबद्दल विचारलं गेलं पाहिजे, त्यामागे तो निकाल आहे.

मकोकाचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगायला हवं. या कायद्यात दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा होऊ शकतो, आणि कायदा लावायला वरिष्ठांची पूर्वमंजुरी लागते. त्या मंजुरीवरच अर्धी लढाई होते. आयुष्यभर मारामारीच्या केस उत्तम चालवलेला वकील इथं नवखा ठरू शकतो. हेच एनडीपीएसचं, पोक्सोचं आणि ॲट्रॉसिटीचं. या प्रकारची केस शेवटपर्यंत चालवली आहे का, असं विचारण्यात वकिलाचा अपमान नाही.

पैशाचं बोलू. फी रोख घेतात, पावती सहसा कुणी मागत नाही. मागावी. जामिनापुरती ठरली की खटला संपेपर्यंतची, हे लिहून घ्यावं. निकालावर अवलंबून असलेली फी, म्हणजे सुटलास तर एवढे, नाही तर नाही, वकिलाला घेता येत नाही. आणि ‘वर द्यावे लागतील’ असं वकील किंवा त्याचा कारकून म्हणाला, तर त्या टेबलापासून उठावं. ते पैसे कुठंही पोचत नाहीत, आणि पोचत असतील तर आपण आणखी एका गुन्ह्यात अडकतो.

वकील बदलायची वेळ आली की आधीचा फाईल अडवतो, ही तक्रार कोर्टाच्या आवारात नेहमी ऐकू येते. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं आहे. दाद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे मागता येते. तरीही दर सहा महिन्यांनी वकील बदलणारा पक्षकार स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. प्रत्येक नवा वकील पहिल्या दोन तारखा फाईल वाचायला घेतो.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं काय? कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांनाही. बाकीच्यांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा फोन. अलीकडे लोकअभिरक्षक कार्यालयांत पूर्णवेळ पगारी वकील बसतात, ज्यांना खासगी केस घेता येत नाही. फुकटाचा वकील म्हणजे हलका, हा समज मला पटत नाही. रोज फौजदारीच चालवणारा लोकअभिरक्षक, अधूनमधून फौजदारी घेणाऱ्या खासगी वकिलापेक्षा पुष्कळदा बरा. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात किमान दहा वर्षं अनुभवाचा वकील द्यावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, हे २०१९ च्या अनोखीलाल निकालात आहे. हे दिवस मागून घ्यावे लागतात. न मागणाऱ्याला कोणी देत नाही.

बचाव कमी पडला तर काय होतं, हे पाहायचं तर ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र शासन’ हा निकाल वाचावा. ५ जून २००३ ला नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर भयंकर हत्याकांड झालं. भटक्या जमातीतले, मजुरी करणारे सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच ठरवली. वाचलेल्या महिलेनं पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून सुरुवातीला दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं; त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. फाईलमध्ये ते अल्बमचं पान सोळा वर्षं होतं.

बीडची म्हणून जी वेगळी अडचण आहे, ती उसाची. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यात परततात. केस मात्र धारूर किंवा पाटोद्याला चालू असते. तारखेला पुकारा होतो, आरोपी उसाच्या फडात असतो, आणि अजामीनपात्र वॉरंट निघतं. ज्या गुन्ह्यात दंडावर सुटला असता, त्यात माणूस जेलमध्ये जातो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५खाली हजेरी माफीचा अर्ज देता येतो, किरकोळ गुन्ह्यात कलम २२८खाली कायमची माफीही मागता येते. हंगामापूर्वी हा अर्ज आठवणीनं देणारा वकील, गाजलेल्या दहा भाषणबाजांपेक्षा ऊसतोड कामगाराच्या कामाचा. त्याच्याकडे आपला आणि टोळीतल्या आणखी एकाचा चालू नंबर देऊन जावं, आणि केसचा सीएनआर क्रमांक मोबाईलमध्ये ठेवावा. पुढची तारीख फडातूनही दिसते.

मुकादमाचं उलट असतं. उचलीपोटी त्यानं कारखान्याला किंवा वाहतूकदाराला कोरे चेक दिलेले असतात. चेक वटला नाही की १३८ची केस होते, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती चेक ज्यानं भरला त्याचं खातं जिथं असेल तिथल्या कोर्टात चालते. म्हणजे माणूस वडवणीचा, कोर्ट इस्लामपूरचं नाही तर चिकोडीचं. अशा वेळी बीडचा ओळखीचा वकील दर तारखेला तिकडे नेणं परवडत नाही. तिथलाच वकील धरावा आणि कागद इथल्या वकिलाकडून तपासून घ्यावेत.

जामीन झाला की पुढचा घोळ जामीनदाराचा. परक्या जिल्ह्यात जामीनदार कोण राहणार? गावाकडून भावाला बोलावलं, त्यानं तहसीलचा ऐपतीचा दाखला आणला, आणि तिथला बाबू म्हणतो, स्थानिकच पाहिजे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही, असं म्हटलेलं आहे. तो गरीब गवंड्याचा खटला होता. सांगलीत वकील धरताना हा निकाल माहीत आहे का, हे विचारून घ्यावं, आणि नसेल तर त्याची प्रत भावाच्याच पिशवीत द्यावी.